शेवटची हीट कधी आली होती? – बंद पायोमेट्राचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

राणी आठ वर्षांची लॅब्राडोर, वजन २९ किलो. (नाव आणि घरच्यांचे तपशील बदलले आहेत.) लसी वेळच्या वेळी, जंताचं औषध वेळच्या वेळी, दात स्वच्छ. पिल्लं कधी झालेली नाहीत, नसबंदीही नाही. ती चार वर्षांची असताना मी तो विषय काढला होता. तिच्या घरच्या काकू म्हणाल्या, "ती एकटी बाहेर जातच नाही, मग धडधाकट पोरीला कशाला कापायचं?" मी फार ताणलं नाही. नको असलेली पिल्लं टाळणं एवढंच नसबंदीचं कारण असतं, हा त्यांचा समज मी त्या दिवशी तसाच राहू दिला. या प्रकरणाची सुरुवात खरं तर तिथे आहे.

कुत्रीच्या शरीरात एक गोष्ट बाईपेक्षा फार वेगळी असते. हीट (माज) संपल्यावर तिच्या अंडाशयातली पीतपिंडं (बीज सुटल्यावर तिथे तयार होणाऱ्या ग्रंथी) सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन सोडत राहतात, मग गर्भ राहिलेला असो वा नसो. या हॉर्मोनमुळे गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथी स्राव साठवतात, स्नायू आकुंचन पावायचे थांबतात, गर्भाशयाचं तोंड मिटतं आणि तिथल्या पांढऱ्या पेशींची ताकदही कमी होते. पिल्लं वाढवायला ही सगळी उत्तम तयारी असते. पण हीटमध्ये तोंड उघडं असताना जंतू वर चढलेले असतील, तर तीच तयारी त्यांच्याही कामी येते आणि गर्भाशयात पू साठतो. यालाच पायोमेट्रा म्हणतात. हे जंतू बहुतेक वेळा तिच्याच आतड्यातले ई. कोलाय असतात. दर हीटनंतर हे चक्र फिरतं, अस्तर जाड होत जातं, त्यात पाण्याच्या बारीक गाठी धरतात. म्हणून हा आजार मध्यम वयात आणि म्हातारपणी जास्त दिसतो, आणि बहुधा हीटनंतरच्या चार ते आठ आठवड्यांत डोकं वर काढतो. स्वीडनमध्ये निरोगी कुत्रीची सरसकट नसबंदी करण्याची पद्धत नव्हती. तिथल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी पाहिल्या, तर दहा वर्षांची होईपर्यंत जवळपास दर चौथ्या कुत्रीला पायोमेट्रा झालेला आढळतो. हा आजार दुर्मीळ नाही, तो तारखेवर चालणारा आजार आहे. आणि ती तारीखच मी पहिल्या दिवशी विचारली नाही.

पहिला दिवस

तक्रार साधी होती. सकाळपासून दोन उलट्या, खाणं सोडलेलं, जरा मलूल. ताप ३८.९ अंश, म्हणजे कुत्र्याच्या मानाने ठीक. हिरड्या गुलाबी. पोट दाबून पाहताना तिने ते घट्ट धरलं, म्हणून मी जास्त चाचपडले नाही. बोलता बोलता काकू म्हणाल्या, "पाणी मात्र भरपूर पितेय हो, त्याची काळजी नाही." दोन दिवसांपूर्वी तिचं खाणं बदललं होतं. मला कारण सापडल्यासारखं वाटलं. उलटी थांबवणारं मॅरोपिटंटचं इंजेक्शन दिलं, हलकं खाणं सांगितलं आणि दोन दिवसांनी कळवा म्हणून घरी पाठवलं.

इथे दोन चुका झाल्या. पहिली म्हणजे "भरपूर पाणी पितेय" हे वाक्य मी दिलासा म्हणून ऐकलं. खाणं सोडलेली, उलट्या करणारी कुत्री पाणी मात्र जास्त पिते, हे लक्षण आहे. ई. कोलायचं विष मूत्रपिंडाच्या नलिकांना पाणी धरून ठेवण्याचा हॉर्मोनचा हुकूम ऐकू देत नाही. त्यामुळे लघवी पातळ आणि भरपूर होते, आणि ते पाणी भरून काढायला ती पीत राहते. दुसरी चूक केसपेपरवर आजही दिसते: 'शेवटची हीट' हा रकाना कोरा आहे.

उलटीच्या इंजेक्शनबद्दलही सांगायला हवं. त्याने त्याचं काम चोख केलं. उलट्या थांबल्या, घरच्यांना बरं वाटलं आणि दीड दिवस कोणी फोन केला नाही. कारण न शोधता लक्षण बंद केलं की नेमकं हेच होतं.

तिसरा दिवस

सकाळी अकराला काकूंचा मुलगा तिला गाडीतून उचलून घेऊन आला. ती टेबलावर उभी राहिली नाही, कुशीवरच पडून राहिली. नाडी मिनिटाला १४८, ताप ३९.७, हिरड्यांचा रंग मळकट तांबडा. हिरडी दाबून सोडल्यावर रंग परत यायला जवळपास तीन सेकंद लागले. पोट दोन्ही बाजूंना फुगलेलं. शेपटीखाली ना स्राव, ना वास. तिथले केस मात्र चाटून चाटून तपकिरी झालेले होते.

तेव्हा मी विचारलं, "काकू, हिची शेवटची हीट कधी आली होती?" त्यांनी बोटांवर मोजलं. रक्त थांबून साडेपाच-सहा आठवडे झाले होते. मग आणखी एक गोष्ट निघाली. मागच्या दोन वर्षांत दोनदा, बाहेरगावी जायचं होतं म्हणून, हीट पुढे ढकलायचं इंजेक्शन दुसरीकडे देऊन घेतलं होतं. अशी इंजेक्शनं प्रोजेस्टेरॉनच्याच घराण्यातली असतात आणि अस्तर जाड करून पायोमेट्राची शक्यता वाढवतात. हे इंजेक्शन घेताना त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मुलाने आदल्या दिवशी एक चांगली गोष्ट केली होती. पाण्याची बाटली मापून तो भांडं भरत होता. चोवीस तासांत तिने चार लिटर पाणी प्यायलं होतं. कुत्र्याने दिवसाला किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी प्यायलं, तर ते जास्त समजायचं. राणीसाठी ही रेषा २.९ लिटरवर येते.

सोनोग्राफीला दोन मिनिटं लागली. मूत्राशयाच्या वर आणि पुढे एकमेकांवर वळलेल्या जाड नळ्या होत्या, सगळ्यात रुंद जागी चार सेंटिमीटरच्या. आत धूसर द्रव होता आणि प्रोब हलवला की तो संथ गिरक्या घेत होता. पिल्लांचा पत्ता नव्हता. रक्तात पांढऱ्या पेशी ४१,००० आणि त्यात अपक्व पेशींचं प्रमाण मोठं. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा) ३३ टक्के, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढून २.१, साखर ६८. लघवीची घनता १.०१०, म्हणजे मूत्रपिंड पाणी धरतच नव्हतं. लघवीचा नमुना आम्ही खाली भांडं धरून घेतला. एरवी आपण पोटातून सुई घालून घेतो, पण पायोमेट्राची नुसती शंका असली तरी तसं करू नये. सुई मूत्राशयाऐवजी पूने ताणलेल्या गर्भाशयात जाऊ शकते.

निदान ठरलं: बंद पायोमेट्रा, आणि त्याचं विष रक्तात भिनायला सुरुवात झालेली.

'बंद' हा शब्द घरच्यांना नीट समजावून सांगावा लागला. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो, फरशीवर डाग दिसतात आणि माणसं लवकर धावतात. तोंड मिटलेलं असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, सगळं आत साठत जातं. काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "पण हिला घाण तर काहीच जात नव्हती." नेमकं तेच धोक्याचं होतं.

समोरचे पर्याय

मुलाचा पहिला प्रश्न होता: "आठ वर्षांची आहे, भूल झेपेल का? पिशवी काढण्यापेक्षा औषधाने नाही का होणार?" प्रश्न रास्त होता. मी प्रत्येक रस्ता त्याच्यासमोर मांडला.

फक्त अँटिबायोटिक हा पर्याय मी लगेच बाजूला ठेवला. औषध रक्तात जातं, पण पूने भरलेल्या बंद पिशवीच्या पोकळीत पुरेसं पोचत नाही. आणि प्रोजेस्टेरॉन आहे तोवर तोंडही उघडत नाही. दोन दिवस बरं वाटतं आणि ते दोन दिवस हातचे जातात.

हॉर्मोनचा उपचार खराखुरा पर्याय आहे, पण तो या पेशंटसाठी नव्हता. अॅग्लेप्रिस्टोन हे औषध प्रोजेस्टेरॉनची जागा अडवतं. ते पहिल्या, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी देतात, लागलं तर पंधराव्या दिवशीही. तोंड उघडायला साधारण एक-दोन दिवस लागतात. सोबत गर्भाशय पिळणारं प्रोस्टाग्लँडिन देता येतं. मात्र तोंड बंद असताना नुसतं प्रोस्टाग्लँडिन दिलं, तर पिशवी फुटण्याची भीती असते. तरुण, ठणठणीत, उघडा पायोमेट्रा असलेली आणि जिच्यापासून पुढे पिल्लं हवी आहेत अशी कुत्री असेल तर मी हा रस्ता सुचवते, आणि पुढच्या हीटनंतर आजार उलटू शकतो हेही सांगते. राणीकडे वाट पाहायला दोन दिवस नव्हते.

मग उरली शस्त्रक्रिया, आणि खरा प्रश्न होता ती कधी करायची. लगेच घेतलं तर रक्तदाब कमी असताना भूल द्यावी लागणार होती. भूल तो आणखी खाली आणते, आणि अशा वेळी मूत्रपिंडं जातात किंवा टेबलावरच हृदय थांबतं. रात्रभर सलाईन लावून सकाळी घेतलं तर आकडे सुधारले असते, पण विषाचा कारखाना रात्रभर चालू राहिला असता आणि पिशवी फुटण्याचा धोका डोक्यावर राहिला असता. मधला रस्ता काही तासांचा होता. आधी सावरायचं आणि त्याच दिवशी आत जायचं.

मी मधला रस्ता घेतला, आणि एक गोष्ट आधीच ठरवून टाकली: साडेचार वाजता आकडे कसेही असोत, आत जायचं. ही वेळ कागदावर लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर "अजून तासभर बघू" म्हणता म्हणता रात्र होते.

काय केलं

दोन्ही पुढच्या पायांना शीर धरली. रिंगर लॅक्टेट सलाईन ४५० मिली वीस मिनिटांत दिलं, पुन्हा तपासलं, तेवढंच आणखी दिलं. वरचा रक्तदाब ८४ वरून दुपारी तीनपर्यंत १०८ वर आला, नाडी १२६ वर उतरली. साखर कमी होती म्हणून सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज घातलं. अॅम्पिसिलिन-सल्बॅक्टम आणि एन्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकं शिरेतून पहिल्या तासातच सुरू केली, तपासणीच्या अहवालाची वाट पाहिली नाही. दुखण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन दिलं. मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक मुद्दाम टाळलं, कारण अंगात पाणी कमी आणि क्रिएटिनिन वाढलेलं असताना ते मूत्रपिंडावर घाव घालू शकतं.

साडेचारला टेबलावर घेतलं. झायलाझिन आणि अॅसप्रोमॅझिन ही गुंगीची औषधं दोन्ही टाळली. भुलेसाठी मिडॅझोलम, मग लागेल तेवढंच थेंब-थेंब प्रोपोफोल, आणि पुढे आयसोफ्लुरेन. तिला पूर्ण उताणी न झोपवता जरा डावीकडे कलती ठेवली. नाहीतर भरलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर बसतं आणि हृदयाकडे रक्त परत येत नाही.

चीर नेहमीपेक्षा बरीच लांब घेतली. रोजच्या नसबंदीत आपण बारीक छेदातून हुक घालून गर्भाशयाचं शिंग (त्याच्या दोन लांब फाट्यांपैकी एक) ओढून घेतो. इथे तसं करायला गेलात तर ते फुटतं. मी दोन्ही तळवे खाली घालून, झोपलेलं बाळ उचलावं तसं ते बाहेर घेतलं. ओल्या गॉजच्या घड्या चारी बाजूंनी लावल्या. दोन्ही शिंगं मनगटाएवढी जाड झालेली होती, आणि उजव्या शिंगावर नाण्याएवढा एक काळसर डाग होता. तिथली भिंत इतकी पातळ झाली होती की दिव्याच्या उजेडात आतला पिवळट पू दिसत होता. मदतनीसाला मी त्या जागी बोटही लावू दिलं नाही. दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय तोंडापर्यंत एकसंध काढलं. अंडाशयाचा तुकडा मागे राहिला तर गर्भाशयाच्या उरलेल्या बुंध्यात पुढे पुन्हा पू होऊ शकतो, म्हणून दोन्ही अंडाशयं पूर्ण आली आहेत ना, हे टेबलाशेजारी उघडून पाहिलं. पोटात पू सांडला नव्हता. काढलेल्या गर्भाशयाचं वजन २.६ किलो भरलं. आतल्या पूचा नमुना कल्चरला (कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालतं ते पाहायला) पाठवला.

पुढचे दिवस

पहिली रात्र सोपी गेली नाही. दोनच्या सुमारास रक्तदाब ८० वर घसरला. आणखी सलाईन देऊन तो वर आणला आणि पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाला मोजत राहिलो. शस्त्रक्रिया झाली म्हणजे पेशंट सुटला, असं या आजारात पहिले दोन दिवस तरी समजू नये. सकाळी सातला तिने मान उचलली आणि चमचाभर खाणं हातातून घेतलं.

दुसऱ्या दिवशीच्या रक्तात पांढऱ्या पेशी ५२,००० वर गेल्या होत्या. मुलगा अहवाल पाहून घाबरला: "डॉक्टर, हे तर वाढलंय!" हे बऱ्याचदा होतं. अस्थिमज्जा जोरात पेशी बनवत असते आणि त्या ज्या गर्भाशयात ओतल्या जात होत्या ते आता नसतं, म्हणून काही दिवस त्या रक्तातच दिसतात. अशा वेळी मी आकड्याच्या आधी कुत्रीकडे बघते. ताप उतरलेला, हिरड्या गुलाबी, पोट मऊ, खाणं सुरू. उलट तिला पुन्हा ताप असता आणि पोट दुखत असतं, तर त्याच ५२,००० चा अर्थ पोटात संसर्ग असा घ्यावा लागला असता.

कल्चरमध्ये ई. कोलाय आला. एन्रोफ्लॉक्सासिन त्याच्यावर चालत नव्हतं, अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट चालत होतं. पहिलं बंद केलं, दुसरं तोंडाने सुरू केलं, सगळं मिळून सात दिवस. नमुना पाठवला नसता तर दोन्ही औषधं तशीच पुढे रेटली असती.

तिसऱ्या संध्याकाळी ती घरी गेली. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.३. बाराव्या दिवशी टाके काढले. तोवर दिवसाचं पाणी दीड लिटरवर आलं होतं. महिन्याने लघवीची घनता १.०३२ आली, लघवीतून प्रथिनं जात नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी पहिला दिवस. नसबंदी न झालेली मध्यमवयीन कुत्री, खाणं बंद, पाणी जास्त, एवढ्यावर सोनोग्राफी व्हायलाच हवी होती. यंत्र शेजारच्या खोलीत होतं. त्या दिवशी ती चालत आली होती, रक्तदाब ठीक असणार होता, आणि भिंतीवरचा तो डाग बहुधा तयार झाला नव्हता. तिच्या वाट्याला आलेली ती रात्र माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे आली. ताप नाही म्हणून मी निश्चिंत झाले, हेही चुकलं. पायोमेट्राच्या कितीतरी कुत्र्यांना तपासताना ताप नसतो, आणि विष फार भिनलं तर अंग उलट गार पडतं.

पाच तास थांबणं बरोबर होतं का, यावर मी अजून विचार करते. रक्तदाब १०० च्या वर दोन वाजताच गेला होता. पुढचे अडीच तास आम्ही नाडी १२० च्या खाली यायची वाट पाहिली, आणि ती शेवटपर्यंत आलीच नाही. पूचा साठा आत आहे तोवर ती येणारही नव्हती. आज मी रक्तदाब स्थिर झाल्यावर लगेच आत जाईन. ती पातळ भिंत दुपारीच फुटली असती तर पोटभर पू झाला असता, आणि मग सगळं गणितच बदललं असतं.

चार वर्षांच्या वयात झालेलं ते बोलणंही तसंच. आता मी पिल्लांचा विषय बाजूला ठेवून आधी पायोमेट्राबद्दल सांगते. निरोगी असताना, हीट संपून अडीच-तीन महिने झाल्यावर केलेली नसबंदी आणि राणीची ती संध्याकाळ, या दोन्हींत भूल एकच असली तरी धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलगा ज्या भुलेला घाबरत होता, ती चार वर्षांपूर्वी कितीतरी सोपी गेली असती. हीट पुढे ढकलायचं इंजेक्शन मागायला कोणी आलं, तर ते का देत नाही हे मी समजावून सांगते.

फोनवर बोलणाऱ्या आमच्या मदतनीसाकडे आता दोन प्रश्न लिहून दिले आहेत. नसबंदी न झालेल्या मादीची कोणतीही तक्रार असो, अगदी पाय लंगडत असला तरी, विचारायचं: शेवटची हीट कधी, आणि पाणी किती पितेय. उत्तर "दोन महिन्यांच्या आत" आणि "जास्त" असं आलं, तर त्याच दिवशी बोलवायचं.

काकूंच्या घरी पाच वर्षांची एक मांजरही आहे. राणीचे टाके काढायला आल्या तेव्हा त्यांनीच विचारलं, "हिलाही होऊ शकतं का?" होऊ शकतं. मांजरींमध्ये हा आजार कमी दिसतो, कारण त्यांची बीजं बहुतेक वेळा संग झाल्यावरच सुटतात. पण बोक्याशिवायही ती कधी कधी सुटतात, आणि मग तेच चक्र फिरतं. शिवाय मांजर स्वतःला चाटून इतकी स्वच्छ ठेवते की स्राव घरच्यांच्या नजरेलाच पडत नाही, आणि पाणी जास्त पिणं तिच्यात कुत्रीइतकं ठळक दिसत नाही. पोट फुगलेलं आणि खाणं कमी झालेलं, एवढ्यावरच ओळखायची वेळ येते. पुढच्या महिन्यात तिची नसबंदी केली. बाहेरून ती पूर्ण निरोगी होती. काढलेली पिशवी टेबलावर उघडून काकूंना दाखवली. आतल्या अस्तरात मोहरीएवढ्या, पाण्याने भरलेल्या गाठी ओळीने धरलेल्या होत्या.